दहा तास एकट्यानं

१

टेबलावर चार फायली होत्या. त्र्यंबक आगट्यांनी नावं पाच दिली होती.

"पाचवी?" त्यांनी विचारलं.

शाळा चालवणारी कॅरल हॉब्स कपाटापाशी पाठमोरी उभी होती. तिनं तोच कप्पा तिसऱ्यांदा उपसला, फायलींच्या मागे हात घालून पाहिलं आणि मग हळूच कप्पा लावून टाकला.

"नाही," ती म्हणाली. "मानमोडेची फाईल गेली आहे."

त्र्यंबकरावांनी चष्मा काढून डोळे चोळले. २००६ च्या जूनमधला गुरुवार. सकाळचे साडेनऊ झाले होते आणि चँडलरच्या त्या छोट्या विमानतळावर बाहेरची डांबरी पट्टी आत्ताच पाण्यासारखी थरथरताना दिसत होती. त्यांचं वय त्रेसष्ट, उजवा गुडघा निकामी, निवृत्तीला सात महिने. तपासणीच्या दिवशी हरवलेल्या फायली त्यांनी अकरा वर्षांत इतक्या पाहिल्या होत्या, की आता राग येत नसे. नुसती झोप येई.

ॲरिझोना राज्याच्या एका लहानशा कार्यालयात ते नोकरीला होते. सैन्यातून सुटून आलेल्यांना शिक्षणासाठी सरकार मदत देतं. ते जिथे शिकतात ती शाळा खरंच शिकवते का, हे बघायचं काम या कार्यालयाचं. वेल्डिंगच्या शाळा, केस कापायच्या शाळा, ट्रक चालवायच्या शाळा. आणि इथलं आभाळ वर्षभर मोकळं, म्हणून वैमानिक घडवणाऱ्या शाळा. 'आयर्नवुड फ्लाइट अकॅडमी' ही त्यातलीच. हौशी परवाना ज्याचा त्यानं स्वतःच्या खिशातून काढायचा. तो हातात असला आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र असलं, की पुढच्या व्यावसायिक परवान्याचा निम्म्याहून जास्त भार सरकार उचली.

एक नियम मात्र होता. या परवान्यासाठी शिकणाऱ्यानं दहा तास अगदी एकट्यानं उडायचं. शेजारच्या खुर्चीत शिक्षक नाही, कोणीच नाही. एकट्याचे तेवढे दहा तास सरकारला मान्य. अकरावा तास नाही. म्हणून काही शाळा जादा एकट्याचे तास 'शिक्षकासोबत' म्हणून लिहीत, आणि तपासनीस दारात आला की नेमकी ती फाईल सापडत नसे.

"मिसेस हॉब्स," ते कंटाळून म्हणाले, "फाईल दुपारपर्यंत सापडली तर बरं. नाहीतर मला शाळेची मान्यता थांबवण्याची शिफारस करावी लागेल."

"टिम, मला मान्यतेची काळजी नाही," कॅरल म्हणाली. गोऱ्या लोकांच्या तोंडी त्र्यंबकचा टिम होऊन तीस वर्षं झाली होती. "म्हणजे आहे. पण त्या मुलाची शेवटची परीक्षा उद्या सकाळी नऊला आहे. ती फाईल नसेल तर मी त्याला परीक्षेला बसवू शकत नाही. एक तारखेपासून त्याला सेडोनाला नोकरी लागली आहे. तीन-तीन प्रवासी घेऊन लाल डोंगर दाखवायचे."

"नाव काय म्हणालात त्याचं? पूर्ण?"

"सिद्धेश. तुमच्याकडचाच आहे. इराकला जाऊन आलाय."

२

कपाटाला कुलूप होतं, पण किल्ली ऑफिसातल्या मुलीच्या खुर्चीमागे खिळ्याला टांगलेली असायची. ती घेणारी माणसं मोजकीच होती. स्वतः कॅरल. ऑफिस सांभाळणारी आश्लेषा दाबके. सिद्धेशला शिकवणारा डेल. आणि वेळ घालवायला ऑफिसात येऊन बसणारा सिद्धेश.

"डेलनं नेली असेल," त्र्यंबकराव म्हणाले. "तास त्यानं लिहिलेत. उत्तर त्याला द्यावं लागेल."

"सोमवारी चार वाजता त्यानं शेवटची सही केली आणि माझ्यासमोर फाईल कपाटात ठेवली," कॅरल म्हणाली. "मंगळवारी सकाळी परीक्षकाचा फोन आला, मुलाचे एकूण तास किती म्हणून. मी कपाट उघडलं तर फाईल नाही. वाटलं, डेलनं परत काढली असेल. आठवणीतूनच आकडा सांगितला आणि विसरले."

त्र्यंबकराव वहीत लिहीत होते. लिहिता लिहिता थांबले.

"मंगळवारी सकाळी?"

"हो. दहाच्या सुमाराला."

"आणि आमच्या तपासणीचं पत्र तुम्हाला कधी मिळालं?"

कॅरलनं टेबलावरच्या ट्रेमधून पाकीट काढलं. वर आश्लेषाच्या सुबक अक्षरात तारीख आणि वेळ होती. मंगळवार, दुपारी दोन.

त्र्यंबकरावांनी पत्र उलटून पाहिलं. त्यात विद्यार्थ्यांची नावंही नव्हती. नावं तर त्यांनी आज सकाळी, खुर्चीत बसल्यावर सांगितली.

म्हणजे ज्यानं फाईल उचलली, त्याला ते येणार हे ठाऊकच नव्हतं. फाईल त्यांच्यापासून लपवलेली नव्हती.

मग कोणापासून?

अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांची झोप उडाली.

"मिसेस हॉब्स, कुठलं विमान कोणी कधी नेलं, याचं रजिस्टर असेल ना? ते मला द्या. आणि तुमच्या ऑफिसातल्या मुलीशी बोलायचंय."

३

आश्लेषा मागच्या छोट्या खोलीत डबा उघडून बसली होती. तिशी ओलांडलेली, बारीक, केसांना साधी क्लिप. चेहरा उन्हानं लाल झाला होता आणि पायातल्या सँडल धुळीनं माखल्या होत्या.

"बस ना, उठू नकोस," त्र्यंबकराव मराठीत म्हणाले, तशी ती दचकली.

"अय्या, सर, तुम्ही मराठी? मला वाटलं टिम आगेट म्हणजे कोणी फ्रेंच वगैरे."

"आगटे. मूळचे वाईचे. सर नको म्हणूस."

"बरं, काका." तिनं डब्याच्या झाकणात पोळीचा रोल ठेवून पुढे केला. त्यांनी घेतला. सकाळपासून पोटात फक्त कॉफी होती.

तिचा नवरा सेमीकंडक्टरच्या कंपनीत इंजिनिअर. सात वर्षं ती नवऱ्याच्या व्हिसावर घरात बसून होती. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं आणि आठवड्याभरात तिनं ही नोकरी धरली. "फर्स्ट जॉब, काका. सांगलीला बी.कॉम. झाल्यावर डायरेक्ट हा."

"आलीस कशी? चालत?"

"बसनं. स्टॉपपासून एक मैल चालावं लागतं."

"या उन्हात? नवरा सोडत नाही?"

"त्याचं ऑफिस दुसऱ्या टोकाला आहे." तिनं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "सवय झाली."

"सिद्धेशला ओळखतेस?"

"आमच्या दोन गल्ल्या सोडून राहतो. वडील आणि तो, दोघंच. चांगला मुलगा आहे. ताई म्हणतो मला."

"त्याची फाईल कोणी घेतली असेल?"

"मला काय माहीत, काका. किल्ली तर अशीच लटकत असते." मग थोडं थांबून तिनं विचारलं, "फाईल मिळाली नाही, तर उद्याची टेस्ट कॅन्सलच ना? म्हणजे, पुढे किती दिवस जातील?"

"तीन-चार आठवडे तरी. सगळं नव्यानं जुळवावं लागेल."

"जुलै येईल," ती म्हणाली आणि खाली बघत पोळीचा तुकडा मोडत राहिली.

दाराशी कोणीतरी उभं होतं. उंच, केस अजूनही सैन्यातल्यासारखे बारीक कापलेले.

"काका, तुम्हीच इन्स्पेक्टर ना?" सिद्धेश मानमोडे म्हणाला. "माझी फाईल चोरली म्हणतात. मला सांगा, यार, माझं लाइफ कोणाला खराब करायचंय?"

४

हँगरच्या सावलीत एक बाक होता. तिथे दोघं बसले.

सिद्धेश बारा वर्षांचा असताना नागपूरहून आला होता. आई इथेच, दुसऱ्या वर्षी वारली. शाळा संपली तसा तो सैन्यात गेला. हेलिकॉप्टरची इंजिनं दुरुस्त करायचं काम. इराकमधे बलदच्या तळावर चौदा महिने. "एक मॉर्टरचा गोळा जवळच पडला होता, २००४ मधे. काही झालं नाही. दोन दिवस कान वाजले फक्त." परत आल्यावर साठवलेल्या पगारातून त्यानं हौशी परवाना काढला, आणि मग सरकारी मदतीवर इथे नाव घातलं.

"उडायचं कधी ठरवलंस?"

"बाबांनी ठरवलं, ॲक्चुअली. ते म्हणायचे, तू इंजिन रिपेअर करतोस आणि दुसराच कोणी चालवतो. मंडळात सगळ्यांना सांगून ठेवलंय त्यांनी. गणपतीच्या प्रोग्रॅमला तर..." तो थांबला.

त्र्यंबकराव वाट पाहत राहिले. सिद्धेश समोरच्या धावपट्टीकडे बघत होता. उजव्या हाताची बोटं शर्टाच्या बटणाशी चाळा करत होती, सावकाश, एकसारखी. एक विमान उतरलं, वळलं, थांबलं.

"गणपतीच्या प्रोग्रॅमला काय?"

"हं?" सिद्धेशनं मान वळवली. "सॉरी, काका. काय विचारलंत?"

"काही नाही. तुझं लॉगबुक आहे जवळ?"

प्रत्येक वैमानिकाकडे स्वतःच्या उड्डाणांची वही असते. सिद्धेशनं पाठीवरच्या पिशवीतून ती काढून दिली. फाईल चोरणाऱ्यानं ही नेली नव्हती. पण शाळेच्या फायलीशिवाय नुसत्या या वहीवर परीक्षा होत नसे.

"घरी कसा जातोस?"

"ड्राइव्ह करतो. आश्लेषाताई पण माझ्याचबरोबर यायची रोज. दोन वीक्स झाले, तिचे टायमिंग चेंज झालेत."

तो गेल्यावर त्र्यंबकराव लॉगबुक आणि शाळेचं रजिस्टर शेजारी शेजारी उघडून बसले. एकट्याची उड्डाणं सहा. त्यातलं एक लांबचं, थेट एल पासोपर्यंत. सगळी मिळून दहा तास आणि वर काही मिनिटं. दोन्हीकडे सारखीच. जादा एकही तास नाही. लबाडी असती तर इथे फरक पडला असता.

रजिस्टरात आणखी एक रकाना होता. निघताना टाकीत किती इंधन. त्र्यंबकरावांना विमानातलं काही कळत नव्हतं, पण आकडे वाचायची सवय होती. त्या लहानशा दोन खुर्च्यांच्या विमानात कधी टाकी पूर्ण भरलेली, कधी साधारण अर्धी.

ते लंगडत ऑफिसात गेले. "मिसेस हॉब्स, टाकी कधी पूर्ण भरता आणि कधी अर्धी?"

"विमान लहान आहे, उन्हाळा मोठा," कॅरल म्हणाली. "दोन धिप्पाड माणसं बसली तर पूर्ण टाकीचं वजन झेपत नाही. एकटा जाणारा नेहमी पूर्ण भरून घेतो. का नाही घेणार?"

त्र्यंबकरावांनी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. सिद्धेशच्या एकट्याच्या सहाही उड्डाणांना टाकी अर्धी होती. एल पासोला जातानासुद्धा, वाटेत इंधन भरायला उतरावं लागत असूनही.

कॅरलनं ओळीवरून बोट फिरवलं. मग खिडकीतून बाहेर, विमानाच्या पंखाखाली वाकलेल्या एकशेदहा किलोच्या डेलकडे पाहिलं.

"ओ, डेल," ती हळूच म्हणाली.

"अजून एक," त्र्यंबकराव म्हणाले. "आश्लेषाच्या कामाच्या वेळा अलीकडे बदलल्यात का?"

"नाही. ती आली तेव्हापासून नऊ ते पाच."

५

डेलनं नाकारलं नाही. रुमालानं मान पुसली आणि तो विमानाच्या चाकाशी खाली बसला.

"बसलो होतो त्याच्या शेजारी. सहाही वेळा."

"आणि एकट्याचं म्हणून लिहिलंत."

"लिहिलं."

त्र्यंबकरावांनी अकरा वर्षं एकट्याचे तास 'शिक्षकासोबत' म्हणून लिहिणारे पाहिले होते. उलटं करणारा पहिलाच भेटत होता. एकट्याच्या उड्डाणाला शिक्षकाला मोबदला नसतो. डेलनं ते दहा तास फुकट घालवले होते आणि वर आपला परवाना पणाला लावला होता.

"का?"

"त्र्याहत्तर साली मी व्हिएतनामहून आलो," डेल म्हणाला. "याच मदतीवर उडायला शिकलो. वर्षभर मला एकट्याला बसवत नव्हतं. गाडीत नाही, खोलीत नाही, विमानात तर नाहीच. माझ्या शिक्षकानं मला वेळ दिला. या मुलानं मार्चमधे मला सांगितलं, डेल, मला वर एकटं जायला भीती वाटते. बास. मी पुढे विचारलं नाही. हाताची घडी घालून बसायचो, कशाला शिवायचो नाही. म्हटलं, हळूहळू जाईल."

"गेली का भीती?"

"परीक्षेत परीक्षक शेजारी असतोच. नोकरीत प्रवासी असतील. एकटा तो कधीच नसेल."

"कशाला शिवावं लागलं का? एकदाही?"

डेलनं चाकावरून हात फिरवला. दूर कोणीतरी इंजिन चालू करून बंद केलं.

"एकदा," तो म्हणाला. "एल पासोहून येताना. रेडिओवर आम्हाला दोनदा हाक मारली. त्यानं उत्तर दिलं नाही. नुसता समोर बघत होता. तिसऱ्यांदा मी दिलं. मला वाटलं, विचारात असेल. त्या वाळवंटावरून जाताना आम्हा लोकांना काय काय आठवतं."

"बोटं काय करत होती त्याची?"

डेलनं डोळे बारीक केले. "काय?"

"हाताची बोटं. बटणाशी खेळत होती?"

डेलचा चेहरा उतरला.

"फाईल तुम्ही घेतली नाहीत," त्र्यंबकराव म्हणाले. "तुम्हाला परीक्षा थांबवायची असती, तर सोमवारची सही केलीच नसती. सिद्धेशनंही नाही. तोही उद्या ताप आलाय म्हणून घरी बसू शकला असता. कॅरलला तर पास होणारी मुलं हवी आहेत. चोरी करण्याशिवाय दुसरा उपाय नाही, असं एकच माणूस उरतं."

त्यांना एकदम फार थकल्यासारखं वाटलं. 'फाईल सापडली नाही' असं लिहून गाडीत बसणं किती सोपं होतं. त्यांची बायको मालिनी घरी फॅन लावून कोडं सोडवत बसली असेल. सात महिने. कोणी काही विचारलंही नसतं.

ते वळले आणि मागच्या छोट्या खोलीकडे चालू लागले.

६

आश्लेषा उभीच होती.

"आश्लेषा, तू त्याच्या गाडीत बसणं का सोडलंस?"

ती डबा पिशवीत भरू लागली.

"तुझ्या वेळा बदललेल्या नाहीत. या उन्हात मैलभर चालतेस, पण त्याच्या गाडीत बसत नाहीस. भांडण झालं म्हणावं, तर अजून तू त्याला चांगला मुलगा म्हणतेस. आणि चौकशी कसली केलीस, तर परीक्षा किती पुढे जाईल याची. जुलै येईल, म्हणालीस. जुलैत काय आहे?"

"मेडिकल." ती म्हणाली. "त्याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जुलैत रिन्यू करायचंय. मी म्हटलं, डॉक्टर बघतील. डॉक्टरांना कळेल. मला सांगावं लागणार नाही."

ती खुर्चीवर बसली आणि मग सगळं एका दमात बाहेर आलं.

"दोन आठवड्यांपूर्वी, काका. सिग्नल ग्रीन झाला आणि तो थांबलेलाच. मागचे हॉर्न वाजवतायत. मी म्हटलं, सिद्धेश, चल ना. त्याचे डोळे उघडे, पण तो नव्हताच तिथे. बटण कुरवाळत होता. अर्धा मिनिट असेल. मग एकदम गिअर टाकून निघाला आणि मला विचारतो, ताई, काय म्हणत होतीस? मला घाम फुटला. मी हे पाहिलंय. मी अस्संच पाहिलंय."

"कुठे?"

"घरी. माझा धाकटा भाऊ, विवेक. त्याला यायचं हे. पडणं नाही, फेस नाही, काही नाही. नुसता जायचा कुठेतरी आणि परत यायचा. घरात सगळ्यांना माहीत होतं. पण माझं लग्न जमत होतं ना तेव्हा. घराण्यात आजार आहे असं कळलं तर मोडेल, म्हणून कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. मी पण बोलले नाही. लग्नाला तीन आठवडे होते. तो मिरजेच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून ट्रकखाली गेला. ट्रकवाला म्हणाला, साहेब, मी केवढा हॉर्न मारला, यानं बाजूला घेतलीच नाही."

बाहेर फोन वाजला. वाजून बंद झाला.

"सिद्धेशला सांगितलंस?"

"सांगितलं. रडला, काका. म्हणाला, ताई, शपथ घे, कोणाला सांगणार नाहीस. बाबा मरतील. हे गेलं तर माझ्याकडे काय आहे? मी घेतली शपथ." तिनं डोळे पुसले. "मग सोमवारी डेलनं सही केली. शुक्रवारी टेस्ट, एक तारखेला पॅसेंजर. मला तोंड उघडवेना. तोंड उघडण्यापेक्षा चोरी सोपी वाटली."

फाईल तिच्या घरी, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर होती.

"डेलला वाटलं, मुलगा घाबरतो," त्र्यंबकराव म्हणाले. "तुला माहीत होतं, मुलगा आजारी आहे. तुम्ही दोघं एकमेकांशी दोन वाक्यं बोलला असतात, तर आज मला इथे काही काम नव्हतं."

७

सिद्धेशनं सगळं ऐकून घेतलं. बाकावर, कोपरं गुडघ्यांवर टेकून.

"डेलला मी म्हटलं होतं, भीती वाटते," तो म्हणाला. "कशाची ते नाही सांगितलं. गेल्या वर्षीच्या मेपासून होतंय. घड्याळ बघतो तर मधली दोन मिनिटं नसतात. डॉक्टरच्या फॉर्मवर विचारतात ना, कधी शुद्ध हरपली का. तिथे मी 'नो' टिक केलं. शुद्ध हरपली असं वाटतच नाही, काका. मी खोटं नाही बोललो, असं मी स्वतःला सांगितलं." मग त्यानं विचारलं, "तुम्ही रिपोर्ट करणार?"

"डेलचे तास मला लिहावेच लागतील. ते माझं काम आहे. तुझ्या आजाराचं मी लिहिण्याआधी तू सांगावंस. मी थांबतो."

"किती वेळ?"

"उद्या नऊपर्यंत."

सिद्धेशनं थोडा वेळ धावपट्टीकडे पाहिलं. मग पाकिटातून डॉक्टरांचं प्रमाणपत्र काढून त्यांच्या हातात दिलं, आणि पाठोपाठ गाडीची किल्ली.

त्याची गाडी तिथेच राहिली. त्र्यंबकरावांनी आपल्या सरकारी गाडीत त्याला शेजारी बसवलं आणि आश्लेषाला मागे.

यातून कोणाचं फारसं भलं झालं नाही. डेलचा परवाना वर्षभरासाठी गेला. साठीतल्या माणसाला तो पुन्हा काढायची उमेद राहिली नाही. आश्लेषानं दुसऱ्या दिवशी फाईल परत केली आणि कॅरलनं तिला कामावरून कमी केलं. जाताना मिठी मारली, पण कमी केलंच. सिद्धेशच्या डोक्याला फिनिक्सच्या इस्पितळात तारा लावल्या, मग स्कॅन काढला, तेव्हा कानामागे मेंदूवर एक जुनी जखम सापडली. बलदच्या त्या दोन दिवसांची. फिट्सवरच्या गोळ्या सुरू झाल्या. वैमानिकाचं शिक्षण संपलं. आगट्यांच्या अहवालात हे सगळं दीड पानात बसलं, आणि ते जानेवारीत ठरल्याप्रमाणे निवृत्त झाले.

पण हे पुढचं. त्या गुरुवारी पाच वाजता त्यांनी गाडी मानमोड्यांच्या घरासमोर थांबवली तेव्हा रवींद्र मानमोडे अंगणातल्या लिंबाच्या झाडाला पाइपनं पाणी घालत होते. बुटके, गोल चेहऱ्याचे, टी-शर्टवर विमानाचं चित्र.

"अरे, गाडी कुठे तुझी?" त्यांनी विचारलं. मग पाहुण्यांकडे बघून हसले. "या ना. उद्या पेपर आहे याचा. पेढे मागवून ठेवलेत मी फ्रीमाँटहून."

"बाबा," सिद्धेश म्हणाला.

तो अंगणातच उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. मराठीत, एकही इंग्रजी शब्द न वापरता, जणू अनेक दिवस मनात पाठ केलेलं. दोन मिनिटं नसतात, म्हणाला. डेल बरोबर असायचा, म्हणाला. मी उडणार नाही, म्हणाला.

रवींद्ररावांच्या हातातला पाइप वाहत राहिला. पाणी आळ्यातून बाहेर येऊन पायवाटेवर पसरलं, त्यांच्या चपलांखाली आलं. ते गेले आणि भिंतीशी वाकून त्यांनी नळ बंद केला. बराच वेळ ते तसेच वाकलेले होते. आश्लेषानं तोंडावर हात धरला.

मग ते परत आले. मुलाच्या इतके जवळ, की त्यांना मान वर करून बघावं लागलं.

"तेव्हा दुखतं का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा. काहीच कळत नाही."

"आणि नंतर?"

सिद्धेशनं मान खाली घातली. रवींद्ररावांनी ओला हात टी-शर्टला पुसला, मुलाच्या डोक्यावर ठेवला आणि केसांतून बोटं फिरवत, कुठे लागलं आहे ते शोधू लागले.